थूल साहेबांची शेवटची मोजणी

"भोयर, उद्या दुपारी चारले घरी येजो. पंच म्हणून."

"कशाचा पंचनामा, साहेब?"

"पोट्टी घर घेऊन राह्यली. तिकडं, हॉलंडात. व्हिडिओवर दाखवते म्हणे. माह्या एकट्याच्या डोळ्यावर माहा भरोसा नाई."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे दादाराव थूल. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. सिंदी रेल्वेत आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मोजणी खात्यात ते मला बारा वर्षांनी वडील. जमीन मोजायची, नकाशाशी ताडून पाहायची आणि हद्द दाखवायची, हे आमचं काम. ते मी त्यांच्याकडून शिकलो. शिकलो म्हणजे मोजायला शिकलो. संशय घ्यायला त्यांच्याइतकं कुणालाच जमलं नाही.

उंच, किडकिडीत, खांद्यातून थोडे वाकलेले. समोरचा बोलत असला की ते त्याच्या पायांकडे बघायचे. सुरुवातीला मला वाटायचं, लाजतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंड जगासाठी असते भोयर, पाय सोताचे असते. जिकडं जायचं असते तिकडंच वळते." मोजणीला गेले की अर्जदाराचा चहा नाही आणि विरुद्ध पार्टीचं पाणीही नाही. पिशवीत स्वतःची बाटली, खिशात भाजलेल्या शेंगा. दुकानदारानं "गॅरंटी" हा शब्द काढला की वस्तू तिथंच ठेवून दुकानाच्या बाहेर. लग्नाची पत्रिका आली की आधी कॅलेंडर काढून तारीख आणि वार जुळतो का ते बघायचे. त्यांच्या पत्नी शांतावहिनी हसायच्या. पण एका पत्रिकेत खरोखरच वार चुकला होता. पाचशे पत्रिका वाटून झालेल्या. मुलीचा बाप धावत आला आणि साहेबांचे पाय धरायला लागला, तर साहेब मागे सरकले. "पाय सोड. आधी सांग, तारीख खरी का वार खरा?"

कुठलाही कागद ते शेवटच्या पानापासून वाचायचे. "सुरुवातीले लिहिणारा सावध असते. शेवटी थकते, तिथं सापडते."

हिंगणघाटकडच्या एका गावातली मोजणी मी विसरू शकत नाही. दोन चुलतभावांचा बांधावरून वाद होता. हद्दीचा दगड जागेवर होता, वर चुना, सरपंच शपथेवर सांगत होता की आजोबाच्या काळापासून तो तिथंच आहे. साहेबांनी टेप बाहेर काढलाच नाही. दोन माणसांकडून दगड कलता करवला आणि खाली वाकून बघितलं. दगडाखाली पिवळं पडलेलं, पण अजून जिवंत गवत होतं.

"आजोबाच्या काळचा दगड," ते शांतपणे म्हणाले, "अन् खालचं गवत आठ दिवसाचं?"

मोठा भाऊ चपलेनं माती उकरत राहिला.

हा संशय आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अल्लीपूरला त्यांच्या वडिलांना दोन एकर जमीन मिळाली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबलेला माणूस, पहिल्यांदाच स्वतःच्या मातीत उभा राहिला. कुणीतरी बोट करून दाखवलं, "ते नाल्याच्या अलीकडचं तुहं." बापानं अकरा वर्षं ती मुरमाड पट्टी कसली. दरवर्षी दगड वेचले, दरवर्षी नवे वर आले. पुढे पोरगा मोजणी खात्यात लागला, आणि पहिल्याच सुट्टीत नकाशाची नक्कल घेऊन त्यानं बापाचं शेत मोजलं. कागदावरचे दोन एकर नाल्याच्या पलीकडे होते, काळ्या जमिनीत. बोट दाखवणाऱ्यानं मुद्दाम दाखवलं की चुकून, ते कळायला तो माणूस उरला नव्हता.

"बाबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काईच नाई. पलीकडं गेले, मूठभर माती उचलली, वास घेतला. मंग म्हणे, 'कागद होता ना रे आपल्याजवळ?' होता. पेटीत, कपड्यात बांधून. वाचता कोणाले येत होता?" मग म्हणाले, "कागद खोटं नाई बोलत भोयर. पन इचारल्याबिगर बोलत नाई."

तर असा हा माणूस, आणि त्याची एकुलती एक मुलगी परदेशात घर घेत होती.

प्रज्ञा नागपूरला होस्टेलवर राहून शिकली, मग शिष्यवृत्तीवर हॉलंडला गेली आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सहा-सात वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर तिनं समुद्राकाठच्या एका लहान गावात घर बघितलं. त्या गावाचं नाव साहेबांना शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. ते "समुद्रगाव" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मी चारला गेलो. साहेबांनी फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवला होता, शेजारी वही आणि दोन रंगांचे पेन. पलीकडे प्रज्ञा हातात फोन घेऊन त्या घरातून फिरत होती. लाल विटांचं, अरुंद, दुमजली घर. तशीच अकरा घरं एका ओळीत, एकमेकांना चिकटलेली. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, शिडीसारखा उभा जिना, वर दोन खोल्या, मागं टॉवेलाएवढं आंगण आणि लाकडी खोपट. घर जुनं होतं, साहेबांच्या बापाच्या वयाचं. एक म्हातारी बाई तिथं एकटी राहत होती आणि आता वृद्धाश्रमात चालली होती.

"भित मधली कोणाची?" साहेबांचा पहिला प्रश्न.

"दोघांची, बाबा. शेजाऱ्याची आणि आपली."

"म्हणजे त्यानं खिळा ठोकला तर आपला फोटो पडन."

"बाबा!"

"समुद्र किती लांब?"

"दहा मिनिटं चालत. मध्ये बांध आहे मोठा. समुद्र थोडा वर आहे, गाव खाली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "ऐकलं? समुद्र वर हाय. लिही."

पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. सिंदीत कापसाच्या गाड्या लागलेल्या, रस्त्याच्या कडेला कापूस उडत होता, आणि साहेब ओसरीवर बसून हॉलंडातल्या घराच्या पायाची चौकशी करत होते. पाया लाकडी खांबांवर आहे हे कळल्यावर त्यांना दोन रात्री झोप आली नाही. प्रज्ञानं तपासनिसाचा अहवाल पाठवला, की खांब पाण्याखाली आहेत आणि पाण्याखाली आहेत तोवर कुजत नाहीत. साहेब म्हणाले, "तपासणारा कोणाचा माणूस?" विकणारी बाई जितकं सांगते त्याहून जास्त बोली लावावी लागते, हे ऐकून तर ते हादरलेच. "विकणारा सांगते त्याच्यावर? जगात असं कुठी होते काय?" आणि दोन्ही बाजूंचं खरेदीखत एकच नोटरी करतो म्हटल्यावर त्यांनी वहीत त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

एकच गोष्ट त्यांना आवडली. सही झाल्यावरही घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत कारण न देता व्यवहार मोडता येतो.

"हा कायदा कोण्यातरी शहाण्यानं केला," ते म्हणाले. "ज्याले सोतावर संशय होता."

प्रज्ञाची बोली मान्य झाली. करार झाला. तीन दिवस सुरू झाले, आणि साहेबांनी फर्मान काढलं, "करार पाठव. सगळा. मराठीत करून."

तिनं कंप्युटरवर भाषांतर करून मूळ पानांसह पाठवला. मी त्याच्या प्रती काढून दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन गेलो. साहेबांनी चष्मा पुसला आणि नेहमीप्रमाणे मागून सुरुवात केली. बारावं पान. अकरावं. दहावं. वहिनी चहा ठेवून गेल्या, तो थंड झाला. तिसऱ्या पानावर आले आणि पुढचं पान उचललं, तर ते पहिलं निघालं.

"दुसरं पान?"

मी प्रती चाळल्या. नव्हतं. मूळ डच पानांतही नव्हतं. "राहिलं असेल, साहेब. कंप्युटरवर होतं कधीकधी."

साहेबांनी पानं पुन्हा ओळीनं टेबलावर मांडली आणि प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवत गेले. तिकडे करार करताना प्रत्येक पानाखाली दोन्ही बाजूंनी छोटी सही करतात. साहेबांचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं, दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

"भोयर, विकणारी बाई किती?"

"एक."

"घेणारी?"

"एक. प्रज्ञा."

"मंग सह्या तीन काऊन?"

मी बघितलं. प्रत्येक पानाखाली तीन. एक थरथरती, म्हातारीची. एक प्रज्ञाची, तिचा 'प्र' मला ओळखू येत होता. आणि तिसरी, जाड शाईतली, तिरकी.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की त्यांना माहीत आहे. साहेबांनाही कळलं. ते वहिनींच्या पायांकडे बघत होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"रूबेन," वहिनी म्हणाल्या. "तिच्यासंग काम करते. चार वर्षं झाले. चांगला आहे म्हणते."

"तिकडचा?"

"तिकडचाच."

साहेबांनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या, टाचणी लावली. "तिकडचा असो का इकडचा. पन त्याच्या नावाचं पान काढलं," ते म्हणाले. "माह्या पोरीनं पान काढलं." आणि उठून मागच्या आंगणात गेले.

त्या दिवशी प्रज्ञाचे सात फोन आले. त्यांनी एकही घेतला नाही. त्यांच्या मते हा घराचा व्यवहार आता बुडीत होता. ज्या व्यवहारात पान गळतं त्यात आणखी काय गळालं असेल? कदाचित घर त्याच्याच नावावर असेल आणि तिला नुसतं पुढं केलं असेल. कदाचित त्याची पहिली बायको असेल. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या न बघितलेल्या माणसावर इतके आरोप ठेवले की त्याला जन्मठेपच झाली असती. मी ऐकत बसलो. मलाही थोडा संशय यायला लागला होता, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. डबा, फोन, वही जागेवर. ह्या वेळी फोन त्यांनीच लावला.

"बाबा," प्रज्ञा म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नको. पान काऊन काढलं ते सांग."

"तुम्ही त्याला पंचनाम्याला उभं केलं असतं."

"केलंच असतं."

"म्हणूनच काढलं." तिनं डोळे पुसले. मग एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी होस्टेलवर होती ना, तुम्ही यायचे. न सांगता. समोरच्या पानठेल्यामागं उभे राह्यचे, मी खरंच होस्टेलात आहे का पाहाले. तीनदा आलते. मले वरच्या खिडकीतून दिसत होते तुम्ही."

साहेबांनी वही मिटली.

"एकदा तर पाऊस होता. तुम्ही दीड तास उभे होते. मी रडत होती वरून. खाली येऊन तुमाले भेटाव वाटे, पन खाली आली असती तर तुमाले वाटलं असतं, बाहेर निघाली होती. म्हणून नाई आली. मी तेव्हापासून पानं काढाले शिकली, बाबा."

ती बोलता बोलता कधी वऱ्हाडीवर आली, तिलाही कळलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. पंचाला काही काही गोष्टी दिसू नयेत.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तिसरी बार तुह्यासाठी संत्रे आनलते," ते म्हणाले. "पिशवी तशीच वापस नेली." मग वही उघडली. "तो कुठी आहे?"

"इथंच. बाहेर."

"बोलव. दोघं त्या घरी जा. म्हातारीले इचारून आंगण मोजा. टेप आहे?"

"बाबा, आज संध्याकाळी मुदत संपते."

"म्हणूनच म्हणतो. निघा."

तासाभरानं ते दोघं त्या घराच्या मागच्या आंगणात होते. रूबेन तेव्हा पहिल्यांदा दिसला. केस गळायला लागलेला, मोठ्या कानांचा, घाबरलेला माणूस. म्हातारी खुर्ची टाकून दारात बसली होती आणि हा काय प्रकार आहे ते तिलाही कळत नसावं. साहेबांनी तिला हात जोडून "जयभीम" म्हटलं. तिनं हात हलवला.

मोजणी सुरू झाली. साहेबांनी मुद्दाम टेपचं शून्याचं टोक प्रज्ञाकडं दिलं आणि आकडा वाचायचं काम रूबेनकडं. प्रज्ञानं पाठवलेल्या नकाशाची नक्कल साहेबांसमोर होती. रुंदी बरोबर. डावी बाजू बरोबर. मग मागची बाजू, जिथं खोपट होतं. त्याच्या पलीकडून अकरा घरांची सामाईक पायवाट जाते. सायकली न्यायला, कचऱ्याचे डबे न्यायला.

रूबेननं टेप लावला, वाकला, पुन्हा लावला. काहीतरी बोलला.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर आहे, बाबा. सगळं नकाशाप्रमाणंच आहे."

रूबेननं तिच्याकडे बघितलं. मराठी त्याला येत नव्हती, पण ती फारच पटकन बोलली होती. त्यानं तिला काही विचारलं. तिनं मान हलवली. त्यावर तो उठला, गुडघ्यावरची माती झटकली आणि फोनसमोर आला. अगदी जवळ, त्याचे कान पडद्यात मावत नव्हते. त्यानं आधी खोपटाकडे बोट केलं, मग पायवाटेकडे. मग चार बोटं वर केली आणि दुसऱ्या हातानं त्याशेजारी शून्य करून दाखवलं.

खोपट चाळीस सेंटिमीटर पायवाटेत घुसलं होतं. म्हणजे त्यांनी घेतलेल्या घराचं खोपट दुसऱ्यांच्या वहिवाटीवर उभं होतं.

प्रज्ञानं डोळे मिटून घेतले. "बाबा, एवढ्याशासाठी तुम्ही व्यवहार मोडाले लावाल म्हणून..."

साहेब हसायला लागले. आम्ही एकत्र नोकरी केली त्या सगळ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. खांदे हलत होते, चष्मा नाकावर उतरला होता. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय झालं हो?"

"पोरगी माही," ते म्हणाले, "अन् तोंडावर खोटं बोलली. तो ना ओळखीचा ना पाळखीचा, अन् सोताच्या नुकसानीचा आकडा बोटानं दाखवून राह्यला!" मग फोनकडे वळून म्हणाले, "सांग त्याले, खोपट मागं घ्या लागन. म्हातारीकडून आजच लिहून घ्या, की हे तिच्या वेळचं आहे. नाई तर उद्या शेजारी तुमाले चोर म्हणन."

"म्हणजे घ्यायचं घर?"

"मी कोण सांगणारा? सही तुही आहे. त्याची आहे." मग ते म्हणाले, "हिस्सा किती किती लिहिला?"

"अर्धा-अर्धा."

त्यांनी वहीत ते लिहिलं. त्याखाली रेघ मारली नाही.

संशय एका दुपारात जात नाही. रूबेनच्या पगाराची, आईवडिलांची, दारूची आणि देवाची चौकशी पुढे सहा महिने चालूच होती. खोपट मागं घेतलं का, त्याचा फोटो त्यांनी तीन बाजूंनी मागवला. पण एक फरक पडला. प्रज्ञाला फोन करायच्या आधी ते आता निरोप पाठवायचे, "मी चारला फोन करीन, चालते का?" वहिनींनी तो निरोप मला दाखवला, कारण त्यांचाही विश्वास बसत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब आणि वहिनी तिकडे दोन महिने राहून आले. त्यानंतरच्या थंडीत साहेब गेले. सेवाग्रामच्या दवाखान्यात चार दिवस, फार त्रास न होता. प्रज्ञा आणि रूबेन आले होते. रूबेन ओसरीवर मांडी घालून बसायचा प्रयत्न करत होता, त्याला जमत नव्हतं.

तिकडे असताना प्रज्ञानं मला एक लहानसा व्हिडिओ पाठवला होता. माझ्या मनात साहेब राहिलेत ते त्यातले. समुद्राचा काठ, राखाडी आकाश. वहिनींच्या साडीवर स्वेटर, पायात पांढरे बूट, हातात साहेबांच्या चपला. साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या कडेशी उभे, कानटोपी घातलेले. आयुष्यात त्यांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला होता. ते एकेक पाऊल टाकत पुढे जातात. एक लाट येते, घोट्यांवर चढते, आणि परत जाताना त्यांच्या पायाखालची वाळू ओढून नेते. ते डगमगतात, बाजूला हात टाकतात आणि जो हात सापडेल तो धरतात. तो रूबेनचा असतो.

लाट मागे जाते. पाणी पार लांब जातं, वाळू चमकते. साहेब ताठ उभे राहतात, समोर बघतात. हात काही सोडत नाहीत.